सी ड्राइव्ह भरलाय? ऑफिसच्या सर्व्हरवरचा डेटाबेस दुसऱ्या ड्राइव्हवर असा हलवा

भोसरी, चाकण, पिरंगुटच्या छोट्या कारखान्यांत किंवा सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसात 'सर्व्हर' म्हणजे बहुतेक वेळा एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर असतो. त्यात २४० जीबीचा एसएसडी, त्यावर विंडोज, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती आणि ईआरपी (खरेदी, स्टॉक, बिलिंग एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा अकाउंटिंगचं पॅकेज. बसवणाऱ्याने 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' केलेलं असतं, त्यामुळे सगळं सी ड्राइव्हवर. काही वर्षं सुखात जातात. मग एके दिवशी सी ड्राइव्हची पट्टी लाल होते, बिल सेव्ह होत नाही आणि डिस्पॅचची गाडी गेटवर उभी राहते. तेव्हा कुणीतरी म्हणतं, 'सॉफ्टवेअर उचलून डी ड्राइव्हवर टाका की!'

टाकता येतं, पण उचलून नाही. प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर कट करून दुसरीकडे पेस्ट केला तर सॉफ्टवेअर हलत नाही, मोडतं. घर बदलताना सामान टेम्पोत चढवलं तरी गॅसचं कनेक्शन, वीजबिल, आधारवरचा पत्ता जुनाच राहतो. तसं सॉफ्टवेअरचा पत्ता विंडोजने वीस ठिकाणी लिहून ठेवलेला असतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत), सर्व्हिसच्या (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदीत, इन्स्टॉलरच्या वहीत, फायरवॉलच्या नियमांत. एसक्यूएल सर्व्हरचा मुख्य फोल्डर कुठे ठेवायचा हे तर फक्त बसवतानाच ठरवता येतं, नंतर बदलता येत नाही. म्हणून प्रोग्रॅम राहू दे तिथेच आणि हलवा तो डेटा. फुगतो तोच.

आधी खात्री करा की हलवणं हाच इलाज आहे

कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली हे विनडरस्टॅट किंवा ट्रीसाइजसारख्या प्रोग्रॅमने बघा. प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर निम्मे फोल्डर त्याला दिसतच नाहीत. बऱ्याचदा दोषी वेगळाच निघतो: रोजचा बॅकअप सी ड्राइव्हवरच साठत गेलेला असतो, किंवा वेब सर्व्हर असेल तर आयनेटपबमधल्या लॉग फाइल्स वर्षानुवर्षं कुणी काढलेल्या नसतात. विनएसएक्सएस नावाचा फोल्डर मोठा दिसेल. त्याला हात लावू नका, तो विंडोजचा आहे.

दुसरी गोष्ट लॉग फाइल. प्रत्येक डेटाबेसच्या किमान दोन फाइल असतात, एमडीएफमध्ये डेटा आणि एलडीएफमध्ये व्यवहारांचा लॉग. डेटा ३ जीबी आणि लॉग ६० जीबी असं दिसलं, तर डेटाबेसचा रिकव्हरी मॉडेल 'फुल' (म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉग साठवत राहणारा) आहे आणि लॉगचा बॅकअप कधीच घेतला गेलेला नाही, अशी दाट शक्यता. अशा वेळी लॉगचा बॅकअप घेऊन फाइल आटोपशीर करणं आणि तो बॅकअप रोजच्या कामात बसवणं हा खरा उपाय. नुसती हलवलीत तर ती नव्या ड्राइव्हवरही तशीच वाढेल.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. एक्सप्रेस आवृत्तीत एका डेटाबेसच्या डेटा फाइल्सवर मर्यादा असते: २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत १० जीबी, २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी. लॉग फाइल यात धरत नाहीत. एमडीएफ १० जीबीला टेकली असेल तर ४ टीबीची डिस्क लावूनही बिल सेव्ह होणार नाही. तेव्हा जुनी वर्षं वेगळी काढणं किंवा आवृत्ती बदलणं याबद्दल व्हेंडरशी बोला. नवी डिस्क आणायच्या आधी हे तपासलं तर पैसे आणि सुट्टीचा दिवस दोन्ही वाचतात.

नवी डिस्क

डी ड्राइव्ह आहे म्हणजे वेगळी डिस्क आहे असं नव्हे. डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी दोन्ही 'डिस्क ०' च्याच ओळीत दिसत असतील तर ते एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. जागा मिळेल, पण डिस्क गेली तर दोन्ही जातील. माझं मत स्पष्ट आहे: वेगळा एसएसडी घ्या आणि मशीनच्या आत बसवा. यूएसबीवरच्या डिस्कवर चालता डेटाबेस कधीही ठेवू नका. केबल हलली की संपलं, आणि मशीन चालू होताना ती डिस्क उशिरा जागी झाली तर डेटाबेस 'रिकव्हरी पेंडिंग' म्हणून अडकून बसतो.

नवी डिस्क जीपीटी पद्धतीने सुरू करा, एनटीएफएस फॉरमॅट द्या आणि अ‍ॅलोकेशन युनिट साइज ६४ केबी निवडा. एसक्यूएलच्या डेटासाठी तोच सुचवला जातो. अक्षर विचार करून द्या. ई, एफ ही अक्षरं पेनड्राइव्ह पटकावतात, म्हणून मी एस किंवा टी देतो. पुढे डेटाबेसला हेच अक्षर लक्षात राहणार आहे, तेव्हा ते बदलायचं नाही. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप) लावणार असाल तर ऑटो अनलॉक सुरू करा, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टनंतर ड्राइव्ह कुलूपबंद आणि डेटाबेस बेपत्ता.

दिवस कोणता?

पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे हात त्याच दिवसाकडे जातो. पण महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आलाय का बघा आणि यूपीएसच्या बॅटरीवर मशीन खरंच किती वेळ तगतं हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. अर्ध्या कॉपीत वीज गेली तर मूळ फाइल शाबूत राहते, कारण आपण कट नाही, कॉपी करणार आहोत. पण उगाच जीव टांगणीला कशाला?

तारखाही बघा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला, ३बी ची २० तारखेला आणि टीडीएस भरायची ७ तारखेला असते. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सर्व्हरला हात लावू नका. महिन्याच्या २१ ते २७ तारखांमधला गुरुवार सगळ्यात निवांत.

आदल्या दिवशीची तयारी

कागद घ्या आणि पुढच्या गोष्टी लिहून काढा. कागदच घ्या, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरची नोंद कामाची नाही. सर्व्हिसेसच्या यादीत एसक्यूएलची सर्व्हिस उघडा. तिचं नेमकं नाव आणि 'लॉग ऑन' टॅबमधलं खातं टिपा. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्ये) प्रत्येक डेटाबेसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल्स' पानावर लॉजिकल नाव (फाइलचं डेटाबेसच्या आतलं नाव), फोल्डरचा पत्ता आणि फाइलचं नाव दिसतं. ते अक्षर न अक्षर उतरवा. टास्क शेड्यूलरमधली कामं टिपा. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट नसतो, त्यामुळे बॅकअप तिथूनच चालत असणार. शेअर केलेले फोल्डर टिपा. आणि शेवटी, ईआरपीत शेवटच्या बिलाचा नंबर, शेवटची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), एका मोठ्या गिऱ्हाइकाची येणे रक्कम. उद्या संध्याकाळी हेच आकडे जुळवायचे आहेत.

काही पॅकेजेसचं लायसन्स मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं, त्यात डिस्कचा क्रमांकही असू शकतो. नुसती डिस्क जोडून सहसा फरक पडत नाही, पण व्हेंडरला एक फोन करा आणि तो त्या गुरुवारी फोन उचलेल ना, हेही विचारून घ्या.

आता बॅकअप. आधी डेटाबेस निरोगी आहे का बघा. 'डीबीसीसी चेकडीबी' ही आज्ञा चालवा, शेवटी शून्य एरर आल्या पाहिजेत. आधीच किडलेला डेटाबेस हलवला तर दोष हलवण्यावर येतो. मग मॅनेजमेंट स्टुडिओतून प्रत्येक डेटाबेसचा फुल बॅकअप घ्या, मास्टर आणि एमएसडीबी या एसक्यूएलच्या स्वतःच्या डेटाबेसचाही. चेकसमचा पर्याय टिक करा. बॅकअपची फाइल दुसऱ्या मशीनवर न्या आणि तिथे रीस्टोअर करून बघा. तिथल्या एसक्यूएलची आवृत्ती जुनी नसावी, नाहीतर तो बॅकअप उघडणार नाही. रीस्टोअर न करून पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही, तुम्हीही विसंबू नका.

परवानग्यांचं काम आधी

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, म्हणून जरा सावकाश.

नव्या ड्राइव्हवर दोन फोल्डर करा, एक डेटासाठी आणि एक लॉगसाठी. एसक्यूएल सर्व्हर तुमच्या नावाने चालत नाही, स्वतःच्या खात्याने चालतो. त्या खात्याला या फोल्डरांवर हक्क नसेल तर फाइल समोर असूनही त्याला उघडता येत नाही. आणि एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फाइल नेली की जुने हक्क सहसा सोबत येत नाहीत; ती नव्या फोल्डरचे हक्क घेते. म्हणून फोल्डरला हक्क आधी द्यायचे, फाइल नंतर आणायची.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, अ‍ॅड. पहिल्यांदा 'लोकेशन्स' वर क्लिक करून यादीत सगळ्यात वर असलेलं स्वतःच्या मशीनचं नाव निवडा. डोमेनवर (एका मुख्य सर्व्हरवरून सांभाळलेल्या ऑफिस नेटवर्कवर) असाल तर ही पायरी चुकवू नका. मग खात्याचं नाव टाइप करा: एनटी, स्पेस, सर्व्हिस, बॅकस्लॅश, आणि पुढे सर्व्हिसचं नाव. एक्सप्रेस नेहमीसारखा बसवला असेल तर ते एमएसएसक्यूएल, डॉलरचं चिन्ह, एसक्यूएलएक्सप्रेस असं सलग असतं. नावाशिवायच्या मुख्य इन्स्टन्सचं (एसक्यूएलच्या बसवलेल्या प्रतीचं) नुसतं एमएसएसक्यूएलसर्व्हर. हे खातं शोधून यादीत सापडत नाही, हातानेच लिहावं लागतं. 'चेक नेम्स' दाबलं की नावाखाली रेघ येते. रेघ आली म्हणजे नाव बरोबर. मग फुल कंट्रोल टिक करा आणि ओके. दुसऱ्या फोल्डरलाही हेच. 'एव्हरीवन' ला फुल कंट्रोल देऊन मोकळं होणं सोपं असतं, पण मग नेटवर्कवरचं रॅन्समवेअरही मोकळं होतं. ते करू नका.

प्रत्यक्ष हलवणं

सगळ्यांना ईआरपीतून बाहेर पडायला सांगा. ईआरपीची स्वतःची सर्व्हिस असेल, बायोमेट्रिक हजेरीचं किंवा ई-वे बिलाचं काही पाठीमागे चालत असेल, तर तेही थांबवा. मग शेवटचा एक फुल बॅकअप घ्या.

डेटाबेसला नवा पत्ता सांगायचा तो क्वेरी विंडोतून. फाइल्सच्या पानावर तो बदलता येत नाही. आज्ञा अशी: ऑल्टर डेटाबेस, डेटाबेसचं नाव, मॉडिफाय फाइल, आणि कंसात 'नेम' ला लॉजिकल नाव, 'फाइलनेम' ला एमडीएफसकट पूर्ण नवा पत्ता. एमडीएफसाठी एकदा, एलडीएफसाठी एकदा. नवा पत्ता पुढच्या वेळी डेटाबेस सुरू होताना वापरला जाईल, असं उत्तर येतं. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ही आज्ञा तक्रार करत नाही, ती नंतर फसते. म्हणून पत्ता टाइप न करता एक्सप्लोररच्या पट्टीतून कॉपी करा.

मग डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, टेक ऑफलाइन. चालू कनेक्शन्स तोडण्याच्या पर्यायावर टिक. ऑफलाइन झाल्यावर दोन्ही फाइल नव्या फोल्डरांत कॉपी करा. कॉपीनंतर प्रॉपर्टीजमध्ये दोन्हीकडचा आकार बाइट्समध्ये जुळवा, जीबीमध्ये नाही. जुळला की टास्क्स, ब्रिंग ऑनलाइन.

डेटाबेस ऑनलाइन आला नाही तर संदेशातला ऑपरेटिंग सिस्टिम एररचा आकडा बघा. ५ म्हणजे परवानगी नाही, मागच्या भागात जा. २ म्हणजे त्या नावाची फाइल नाही आणि ३ म्हणजे फोल्डरच नाही, दोन्ही वेळा पत्ता चुकलाय. ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलीय, बहुधा अँटिव्हायरस. काहीच जुळेना, तर ऑल्टरच्या आज्ञेने जुना पत्ता परत द्या. जुन्या फाइल जागेवरच आहेत, डेटाबेस लगेच उघडेल.

बरेच जण डिटॅच करून पुन्हा अ‍ॅटॅच करतात. चालतं तेही, पण डिटॅच करताना फाइलचे हक्क बदलतात, डेटाबेसचा मालक आणि काही सेटिंग्ज हरवतात. त्याच सर्व्हरवर हलवायचं असेल तर मायक्रोसॉफ्टही वर दिलेलीच पद्धत सुचवते.

टेम्पडीबी, म्हणजे एसक्यूएलचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस, हाही फुगतो. त्याला ऑल्टरने नवा पत्ता द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. फाइल कॉपी करायची गरज नाही, तो दर वेळी नव्याने तयार होतो. जुन्या फाइल नंतर हाताने काढा. इथे मात्र पत्ता दोनदा वाचा, कारण टेम्पडीबीला फोल्डर सापडला नाही तर अख्खा सर्व्हरच सुरू होत नाही आणि मग त्याला किमान सेटिंगवर सुरू करून दुरुस्त करावं लागतं. मास्टर, मॉडेल, एमएसडीबी सीवरच राहू द्या. त्यांनी जागा वाचत नाही, डोकेदुखी मात्र वाढते.

जुना पत्ता कुठे कुठे उरलाय

मॅनेजमेंट स्टुडिओत सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डेटाबेस सेटिंग्ज' पान आहे. तिथे डेटा, लॉग आणि बॅकअपच्या नेहमीच्या जागा बदला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. अनेक पॅकेजेस दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस तयार करतात. हे पान विसरलात तर १ एप्रिलला नवं वर्ष पुन्हा सी ड्राइव्हवर जन्माला येईल.

अँटिव्हायरसमध्ये जुना फोल्डर वगळलेला असेल, तिथे नवा टाका. बॅकअपच्या टास्कमध्ये फाइल कॉपी करणारी ओळ असेल तर तिचा पत्ता बदला. आणि बॅकअप नव्या डिस्कवर, डेटाच्या शेजारीच ठेवू नका. तो सीवर, दुसऱ्या मशीनवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) जाऊ दे.

राहिले जोडलेले कागद: ड्रॉइंगच्या पीडीएफ, पीओच्या स्कॅन, टेस्ट सर्टिफिकेटं. हे पुष्कळदा डेटाबेसपेक्षा मोठं असतं. त्यासाठी रोबोकॉपी ही विंडोजची कॉपीची आज्ञा वापरा, उपफोल्डरांसाठी 'ई' आणि हक्कांसकट नेण्यासाठी 'कॉपीऑल' हे पर्याय देऊन. 'एमआयआर' पर्यायापासून लांब राहा. मुळात नसलेलं सगळं तो दुसरीकडून पुसतो, आणि दोन पत्ते उलटे टाकले गेले तर पुसली जाणारी बाजू तुमची असते. मग पॅकेजच्या सेटिंगमध्ये फोल्डरचा पत्ता बदला. सेटिंगच नसेल तर जंक्शनची सोय आहे: जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा आणि 'एमकेलिंक' ला 'जे' पर्याय देऊन जुन्या नावाने नव्या फोल्डराकडे नेणारा दुवा करा. पॅकेजला फरक कळत नाही. कागदपत्रांच्या फोल्डरासाठी हे छान चालतं. प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅमडेटा किंवा युजर्स असे विंडोजचे फोल्डर मात्र जंक्शनने हलवू नका, पुढच्या अपडेटला विंडोज अडखळतं.

मायएसक्यूएल किंवा लिनक्स असेल तर

विंडोजवर मायएसक्यूएलची सेटिंग फाइल, माय डॉट आयएनआय, प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरात असते. सर्व्हिस पूर्ण थांबवा, डेटा फोल्डर अख्खा कॉपी करा, सर्व्हिस ज्या खात्याने चालते (बहुधा नेटवर्क सर्व्हिस) त्याला हक्क द्या आणि 'डेटाडिर' ची ओळ बदला. पत्त्यात उजवीकडे झुकणारा स्लॅश वापरा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय ठेवा. सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) घुसला तर सर्व्हिस सुरू होत नाही आणि कारण डोळ्याला दिसत नाही.

उबुंटूवर नवी डिस्क एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीत यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने) जोडा, एसडीबी वगैरे नावाने नको, ती नावं बदलतात. कॉपी करणाऱ्या आरसिंकला 'ए' पर्याय द्या म्हणजे मालकी टिकते. तरीही सर्व्हिस सुरू होत नसेल आणि हक्क बरोबर असतील, तर अ‍ॅपआर्मर (उबुंटूचा सुरक्षा पहारेकरी) अडवतोय; त्याच्या एलियास फाइलमध्ये जुन्या-नव्या पत्त्याची जोडी लिहा. रेड हॅटच्या कुळात हेच काम एसईलिनक्स करतो. आणि डेटा होमच्या आत ठेवू नका, मारियाडीबीची सर्व्हिस होमकडे बघूच शकत नाही अशी बांधलेली असते.

संध्याकाळची तपासणी

पूर्ण मशीन रीस्टार्ट करा, फक्त सर्व्हिस नाही. कुणीही लॉगिन न करता पाच-दहा मिनिटं थांबा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, शक्य तर स्टोअर्स किंवा डिस्पॅचच्या टेबलावरून, ईआरपी उघडा. कागदावरचे आकडे जुळवा. एक पीडीएफ उघडा, एक बिल छापा, एखादी नोंद करून रद्द करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा आहेत का बघा. बॅकअपचा टास्क हाताने चालवा आणि तयार झालेली फाइल कुठे पडली ते स्वतः जाऊन बघा.

सी ड्राइव्हवरच्या जुन्या फाइल आज पुसू नका. जागा फारच कमी असेल तर त्या दुसऱ्या मशीनवर न्या. नाहीतर फक्त नावाच्या शेवटी 'जुनी' आणि तारीख जोडा. नाव बदलूनही ईआरपी चालू राहिली म्हणजे तिकडे आता कुणी बघत नाही. पगार, जीएसटीआर-१ आणि ३बी हे सगळं नव्या जागेवरून एकदा पार पडू दे. मग त्याच्या नंतरच्या गुरुवारी ताजा बॅकअप घ्या, जुन्या फाइल काढून टाका आणि नवे पत्ते, तारीख, ड्राइव्हचं अक्षर सर्व्हरच्या रजिस्टरमध्ये लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला त्याची एक प्रत चिकटवा.